कपाट तुमचं, गॅस मेकॅनिकचा

घाटावरचा फ्रिज म्हातारा झाला की आधी त्याचा कॉम्प्रेसर कुरकुरायला लागतो. रत्नागिरीत फ्रिज पायांपासून जातो. मिऱ्या, मांडवी, भाट्ये अशा समुद्राला लागून असलेल्या वस्त्यांत खारा वारा बाराही महिने पत्र्यावर बसतो. त्यात चार महिने पाऊस, आणि मागच्या ट्रेमध्ये साचणारं बर्फाचं पाणी. एक दिवस फ्रिज जरा पुढे ओढावा तर तळाच्या पत्र्याचे पापुद्रे हातात येतात, कॉम्प्रेसर ज्या पट्टीवर बसवलेला असतो ती पट्टी खचलेली दिसते, आणि आतलं सगळं धडधाकट असताना घरात ‘आता नवाच घेऊया’ असं ठरतं. म्हणजे इथल्या मोडीत निघालेल्या फ्रिजमध्ये कामाचं पुष्कळ शिल्लक असतं. भंगारवाला हिशेब करतो तो लोखंडाचा आणि तांब्याचा. काचेच्या फळ्या, भाजीचा ट्रे, दाराचं रबर यांची किंमत त्याच्या काट्यावर शून्य.

ते काढून घ्यावं, जरूर घ्यावं. पण स्क्रू ड्रायव्हर हातात धरण्याआधी एक रेघ मनात पक्की करा. फ्रिज म्हणजे दोन वस्तू एकत्र बांधलेल्या आहेत. एक कपाट: दार, फळ्या, ट्रे, बिजागऱ्या, दिवा. दुसरी वस्तू म्हणजे नळ्यांचं बंद चक्र: कॉम्प्रेसर, मागची काळी जाळी, ड्रायर, केसासारखी बारीक कॅपिलरी आणि आतला फ्रीजर. या चक्रात गॅस आणि तेल कारखान्यात भरून तोंड बंद केलेलं असतं. कपाट तुमचं आहे. चक्र मेकॅनिकचं. त्याची एकही नळी घरी कापायची, वाकवायची किंवा ठोकायची नाही. पुढे जे सांगतो आहे त्यातलं बरंचसं या एका रेघेतूनच आलेलं आहे.

पहिलं काम दाराचं. नवा फ्रिज आला की जुना पडवीत किंवा मागीलदारी नेऊन ठेवायचा आणि ‘बघू सवडीने’ म्हणायचं, ही आपली रीत. सुट्टीत घरात पोरं जमतात, लपाछपी सुरू होते आणि रिकामा फ्रिज म्हणजे लपायला आयती जागा. दार बंद झालं की आतली हवा थोडीच, आणि जाड फोममुळे ओरडलेलं बाहेर ऐकू येत नाही. जुन्या फ्रिजना हँडल ओढून उघडायची खटक्याची कडी असे. ती आतून उघडतच नसे. मुलं अशी गुदमरून गेल्यामुळे अमेरिकेत 1956 साली खास कायदा करावा लागला की फ्रिजचं दार आतून ढकलूनही उघडलं पाहिजे. आजची चुंबकाची दारं त्यानंतर सर्रास झाली. भारतात गोदरेजने फ्रिज करायला घेतले ते 1958 साली, आणि जुन्या घरांच्या अडगळीत कडीचे फ्रिज अजून सापडतात. चुंबकाचं दारही निर्धोक समजू नका. फ्रिज भिंतीला तोंड करून ठेवला किंवा आडवा टाकला की तेही आतून उघडत नाही. म्हणून फ्रिज वापरातून गेला त्याच दिवशी दार काढा. वरच्या बिजागरीचे दोन-तीन स्क्रू सोडवले की दार वर उचलून खालच्या खिळीतून निघतं. दार जड असतं, एकाने धरावं आणि दुसऱ्याने स्क्रू सोडवावे. स्क्रू गंजून बसले असतील तर आदल्या रात्री त्यांवर गंज सोडवायचं तेल मारून ठेवा. रत्नागिरीत ते लागतंच.

आता पाटी वाचा. फ्रिजच्या आत डाव्या-उजव्या भिंतीवर, किंवा मागे कॉम्प्रेसरजवळ एक चिठ्ठी असते. तिच्यावर गॅसचं नाव आणि वजन लिहिलेलं असतं. घरगुती फ्रिजमध्ये बहुतेक तीनच नावं भेटतात.

आर-12 हे सर्वांत जुनं. ओझोनच्या थराला भोक पाडणाऱ्या सीएफसी वायूंपैकी हा एक. 1987च्या माँट्रियल कराराने यांना हद्दपार करायचं ठरलं, भारत 1992 साली त्यात सामील झाला, आणि 2010पासून आपल्याकडे नव्या वापरातून हा गॅस गेला. पण तुमच्या आजोळच्या फ्रिजमध्ये तो अजून असू शकतो. हवा तापवण्याच्या बाबतीत याचा एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 10,900 किलोंच्या बरोबरीचा. म्हणजे शंभर ग्रॅम गॅस नळी कापून सोडून दिला तर टनभर कार्बन डायऑक्साइड हवेत सोडल्यासारखं झालं.

आर-134ए त्यानंतर आला. ओझोनला अपाय करत नाही, पण हवा तापवण्यात एका किलोला 1,430 किलो हे त्याचं माप. हे दोन्ही गॅस पेटणारे नाहीत. म्हणून नळी कापली की ‘फुस्स’ होतं, काही बिघडत नाही, असं वाटतं. घरात खरंच काही बिघडलेलं दिसत नाही. बिघडतं ते वर. शिवाय हेच वायू उघड्या ज्योतीला भिडले तर त्यांतून विषारी, झोंबणारा धूर निघतो. गॅस काढून घ्यायला रिकव्हरी मशीन आणि रिकामा सिलिंडर लागतो. हे प्रत्येक मेकॅनिककडे असेलच असं नाही, म्हणून बोलावण्याआधी फोनवर विचारा: ‘गॅस काढून घेता, की सोडून देता?’

तिसरा आर-600ए, म्हणजे आयसोब्युटेन. गेल्या काही वर्षांतले बहुतेक घरगुती फ्रिज याच गॅसवर चालतात. पर्यावरणाच्या दृष्टीने हा सर्वांत सौम्य, पण स्वयंपाकाच्या गॅसचा हा सख्खा भाऊ. कॉम्प्रेसरवर पिवळ्या त्रिकोणात ज्वाळेची खूण असेल तर तोच समजा. फ्रिजमध्ये तो पन्नासेक ग्रॅमच असतो, म्हणून त्याला कोणी मोजत नाही. पन्नास ग्रॅम म्हणजे वीसेक लिटर वायू. हवेत तो जेमतेम 1.8 टक्के झाला की ठिणगीने पेटू शकतो, तेव्हा तेवढ्यातून घनमीटरभर हवा पेटती होऊ शकते. तो हवेपेक्षा जड आहे, जमिनीलगत साचतो, आणि एलपीजीला मुद्दाम घालतात तसा उग्र वास याला नसतो. बंद माजघरात, जवळ देवापुढे निरांजन तेवत असताना अशा फ्रिजची नळी कापणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. मेकॅनिकलासुद्धा हे काम अंगणात, वाऱ्यावर, आसपास विडी-सिगारेट नसताना करू द्या.

‘आमचा थंड करतच नाही, गॅस कधीच गेला’ असं बरेच जण खात्रीने सांगतात. सुरीने बर्फ खरवडताना फ्रीजरला भोक पडलं असेल तर गॅस गेला असण्याची शक्यता आहे. पण कॉम्प्रेसर जळाला म्हणून फ्रिज बंद पडला असेल तर सगळा गॅस जागच्या जागी आहे. घरच्या माणसाला यातला फरक ओळखता येत नाही. तेव्हा गॅस आहे असंच धरून चालायचं.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. आर-12 किंवा आर-134ए च्या जुन्या फ्रिजमध्ये ‘स्वस्तात’ घरचा एलपीजी भरून देतो म्हणणारे लोक भेटतात. त्यांना चहा पाजा आणि वाटेला लावा. त्या फ्रिजचे थर्मोस्टॅट, रिले, दिव्याचा स्विच हे सगळे ठिणगी पाडणारे भाग पेटता गॅस गृहीत धरून बनवलेले नसतात. हॉटेलांच्या खोल्यांत असतो तसा अजिबात आवाज न करणारा छोटा फ्रिज भंगारातून हाती आला, तर त्याच्या मागच्या नळ्यांनाही हात लावू नका. त्यांतल्या बऱ्याच फ्रिजमध्ये अमोनिया असतो.

आता विजेचे भाग. प्लग काढा, आणि नुसता काढून लोंबता ठेवू नका, वायरच फ्रिजच्या बाजूने सोडवून घ्या. पंधराएक मिनिटं जाऊ द्या. इन्व्हर्टर फ्रिज असेल तर मागच्या बोर्डावरचे कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही वेळ भरलेले राहतात आणि त्यांवर सव्वातीनशे व्होल्टपर्यंत दाब असतो. मल्टिमीटर वापरता येत नसेल तर ते झाकण उघडू नका. साध्या एकदारी फ्रिजमध्ये कॉम्प्रेसरच्या अंगाला काळ्या झाकणाखाली रिले आणि ओव्हरलोड असतात. ते ओढून निघतात, पण त्यांच्या मागे कॉम्प्रेसरच्या तीन पिना आहेत. त्या पिनांवर ठोकाठोक करायची नाही. आत दाब असतो आणि पीन उडाली तर तेलासकट गॅस तोंडावर येतो. रिले, ओव्हरलोड, थर्मोस्टॅट हे भाग त्याच बनावटीच्या फ्रिजला कामाचे आहेत, इतरत्र त्यांचा फारसा उपयोग नाही. थर्मोस्टॅट काढून कोंबडीची अंडी उबवायच्या पेटीला लावायची कल्पना सुचते खरी, पण तो थंडीतल्या तापमानासाठी बनलेला आहे. उबवणीच्या 37-38 अंशांना त्याची पोच नाही. इथल्या हवेत या सगळ्यांच्या पट्ट्यांवर हिरवट गंज चढलेला असतो. तसा असेल तर भाग ठेवूच नका. गंजलेला जोड तापतो आणि तापलेला जोड आग लावतो.

या पुढचा भाग मजेचा आहे.

काचेच्या फळ्या आधी काढा आणि गोधडीत गुंडाळून बाजूला ठेवा. या काचा टफन केलेल्या असतात, वजन पेलतात आणि ओल्याने फुगत नाहीत. पावसाळ्यात प्लायची फळी फुगून मांडणी बिघडते तिथे ही काच बसवा, वर्षानुवर्षं टिकेल. फक्त ती मापात कापून आणायला काचवाल्याकडे नेऊ नका. टफन काच कापता येत नाही, कापायला गेलं की सगळीच्या सगळी दाण्यादाण्याने फुटते. जागेचं माप फळीला जुळवा, फळीचं माप जागेला नाही.

जुन्या फ्रिजमध्ये काचेऐवजी तारेच्या जाळ्या असतात. त्या भांडी निथळत ठेवायला, कुंड्या ठेवायला उत्तम. पण दोन कामांसाठी त्यांना दूर ठेवा. चुलीवर किंवा शेगडीवर बांगडा भाजायला जाळी म्हणून अजिबात वापरू नका. जुन्या जाळ्यांवर जस्ताचा, काहींवर कॅडमियमचा मुलामा असे आणि तो तापला की विषारी धूर निघतो. आणि त्यांवर आमसुलं किंवा आंबोशी वाळत घालू नका. आंबट रसाने मुलामा सुटतो आणि तो तुमच्या सोलकढीत उतरतो. त्यासाठी आपली सुपं आणि पाटच बरे.

भाजीचा ट्रे रोपांसाठी घ्या. तळाला भोकं पाडली की कोयी रुजत घालायला तो चांगला खोल असतो. जून-जुलैत कोय कलमं करायची असतील तर कोवळी, तांबूस पानांची रोपं लागतात, तोपर्यंत एवढी खोली पुरते. ट्रे मात्र सावलीत ठेवा. हे प्लास्टिक उन्हात वर्षभरात तडकतं. दाराचं रबर अखंड निघालं तर त्याच्या पोटातली चुंबकाची पट्टी ओढून काढा; पाहिजे तेवढे तुकडे कापा आणि डासांच्या जाळीच्या कडेला शिवा, जाळी आपोआप चौकटीला चिकटते. मात्र लाकडी चौकटीला चिकटायला समोर पत्र्याची पट्टी ठोकावी लागेल.

आणि राहिलं ते रिकामं कपाट. कोकणात याचं मोल घाटावरच्या माणसाला कळणार नाही. आगोटीच्या आधी आपण बेगमी करतो ती सगळी पुढचे चार महिने बुरशीशी झगडत असते. भाताचं बियाणं, पापड, घराचे कागद, कॅमेरा, शाळेचे दाखले, शिवणाचं मशीन. फ्रिजचं कपाट चारी बाजूंनी बंद आणि दाराला रबर. चक्र मेकॅनिककडून काढून घेतलं, तळाचं पाणी जायचं भोक बुचाने बंद केलं, आतून सोड्याच्या पाण्याने पुसून दोन दिवस उन्हात उघडं ठेवलं की पावसाळी कपाट तयार. आत ओल शोषायला सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. पुडीतले दाणे तव्यावर मंद तापवून पुन्हा वापरता येतात. कळीचा चुनाही चालतो, पण ओल शोषताना तो फुगतो आणि तापतो. म्हणून मातीच्या भांड्यात अर्ध्याहून कमी भरा आणि कागदांपासून दूर ठेवा. जुन्या कपाटात कपड्यांसाठी विजेचा दिवा लावून ठेवायची आपल्याकडे पद्धत होती. फ्रिजच्या कपाटात तो लावू नका. भिंतीतला फोम आणि आतलं प्लास्टिक दोन्ही पेटतं.

अर्थात मघाशी दार काढलं ते इथे परत बसवावं लागतं, आणि मुलांचा धोकाही परत येतो. त्यावर उपाय दोन. फळ्या आतच राहू द्या, म्हणजे मूल आत मावत नाही. आणि बाहेरून उंचावर कोयंडा बसवून कुलूप लावा, किल्ली वेगळी ठेवा. कोयंड्यासाठी भोक पाडताना लक्षात ठेवा: हल्लीच्या बऱ्याच फ्रिजना मागे काळी जाळी दिसत नाही, कारण गरम नळ्या बाजूच्या पत्र्याखाली आणि दाराच्या चौकटीत फिरवलेल्या असतात. गॅस काढलेला नसताना तिथे ड्रिल घालणं म्हणजे नळीलाच भोक.

आंबे पिकवायला मात्र हे कपाट घेऊ नका. अढी श्वास घेते. गवतात रचलेल्या हापूसला हवा लागते; बंद पेटीत कोंडला की त्याला आंबूस वास येतो आणि देठाकडून काळा पडतो. कोणी त्यात कार्बाइडची पुडी टाकायला सुचवेल, तर त्यावर कायद्याने बंदी आहे, आणि बंद पेटीत त्यातून निघणारा अ‍ॅसिटिलिन वायू स्फोटक आहे.

मिरकरवाड्याहून मासळी आणून विकणारे काही जण आडवा केलेला फ्रिज बर्फाची पेटी म्हणून वापरतात. काम चांगलं होतं. आतलं अस्तर खाण्याच्या वस्तूंसाठीच बनलेलं असतं, पण ते कुठे तडकून फोम दिसत असेल तर ती फट बंद करा, नाहीतर मासळीचं पाणी त्यात मुरतं आणि वास कधीच जात नाही. बर्फाचं पाणी जायला तळाला तोटी हवी. आणि आडवी, वरून झाकण पडणारी पेटी मुलांसाठी सर्वांत घातक असते. तिला कुलूप हवंच.

मोकळा कॉम्प्रेसर घेऊन त्याचा रंगाच्या फवाऱ्यासाठी हवेचा पंप करायची हौस अनेकांना असते. माझं मत स्पष्ट आहे: करू नये. फ्रिजचा कॉम्प्रेसर परत येणाऱ्या थंड गॅसवर स्वतःला गार ठेवतो. हवेवर चालवला की तापतो, तेल उडवतो, आणि आयसोब्युटेनचा असेल तर तेलात मुरलेला गॅस हवेत मिसळतो. जाणकार लोक सेफ्टी व्हॉल्व्ह, तेल गाळायची बाटली, टाकी असं सगळं बसवतात. तेवढा खर्च केला तर तयार पंप येतो. दुसऱ्या फ्रिजला कॉम्प्रेसर बसवायचा असेल तर गॅस काढल्याबरोबर त्याच्या नळ्यांची तोंडं तिथल्या तिथे बंद करायला सांगा. आर-134ए सोबतचं तेल हवेतली ओल अधाशासारखं पितं. जुलैतल्या रत्नागिरीच्या हवेत रात्रभर उघडा राहिलेला कॉम्प्रेसर भंगारातच जमा.

फोम हा सर्वांत दुर्लक्षित भाग. जुन्या फोमच्या बुडबुड्यांत सीएफसी किंवा एचसीएफसी अडकलेला असतो, नव्यात सायक्लोपेंटेन. तो कुरतडून काढला तर हे सगळं सुटतं. आणि गावाकडे एक वाईट सवय आहे: भाजावळीत, पाचोळ्याच्या ढिगात, असलं काहीही टाकून द्यायचं. फोम जळताना कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही निघतो. फोम काढूही नका, जाळूही नका. तांब्यासाठी वायरी जाळणंही तितकंच वाईट.

पुरातला फ्रिज ही वेगळीच गोष्ट. 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं आणि ओसरल्यावर बाजारपेठेच्या रस्त्यांवर चिखलाने माखलेल्या सामानाचे ढीग लागले. असा फ्रिज धुऊन, वाळवून पुन्हा प्लग लावून बघायचा मोह टाळा. फोममध्ये शिरलेलं पाणी महिनोन्महिने निघत नाही आणि बॉडीला करंट उतरतो. त्यातून घ्यायच्या त्या काचा, जाळ्या आणि ट्रे. ब्लीचिंगच्या पाण्याने धुऊन घ्या. रिले, थर्मोस्टॅट, वायरी टाकून द्या. कॉम्प्रेसर सीलबंद असल्यामुळे वाचला असू शकतो, पण ते मेकॅनिक मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) तपासून सांगेल.

जे उरतं त्याची वाट लावताना दोन गोष्टी पाहा. नवा फ्रिज घेताना एक्स्चेंजमध्ये दिलात तर दुकानदाराला विचारा की तो पुढे कुठे जातो. 1 एप्रिल 2023पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत फ्रिज येतो, आणि आयुष्य संपलेल्या मालाचा निकाल नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडून लावून घ्यायची जबाबदारी कंपनीवर आहे. कंपनीच्या ग्राहक सेवा क्रमांकावर फोन करून जवळचं संकलन केंद्र विचारता येतं. भंगारवाल्याला दिलात तर गॅस आधी काढून मगच द्या आणि दार वेगळं द्या. नाहीतर कॉम्प्रेसरची नळी पहिल्याच हातोडीला तुटते.

फ्रिज घराबाहेर जाण्याआधी आतल्या चिठ्ठीचा आणि कॉम्प्रेसरवरच्या पाटीचा फोटो काढून ठेवा. ठेवलेला भाग दुसऱ्या कुणाला देताना मेकॅनिक पहिला विचारतो तो मॉडेल नंबर, आणि तेव्हा तो फ्रिज कधीच भंगारात गेलेला असतो.